चार बेस, दोन टॉप

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आवाज डोळ्यांनी घेतं. पिकअप गावात शिरली की मांडवातली चार माणसं मागच्या फाळक्याशी येऊन उभी राहतात आणि डबे मोजतात. किती बेस, किती टॉप. बेस म्हणजे खालचे मोठे डबे, छातीत धडकणारा आवाज त्यांचा. टॉप वर ठेवायचे, गाण्यातले शब्द आणि माइकवरचं बोलणं त्यांतून येतं. टॉप कोणी नीट मोजत नाही. बेस मात्र बोट लावून मोजतात, आणि दोन कमी दिसले की तोंड वाकडं करतात. माझ्या ओळखीचे दोघं-तिघं रिकामे डबेही चढवून नेतात. आत काही नाही, समोर नुसती जाळी. तसलं मी केलं नाही. पण मोजणाऱ्यांच्या भीतीनं मी जे केलं, तेही शहाणपणाचं नव्हतं.

त्याआधी नऊ वर्षं मी पांढरकवड्याला एका साउंडवाल्याकडे होतो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणत असे. डबे चढवणं, वायरी ओढणं, गाडी चालवणं आणि गिऱ्हाइकाशी भाव ठरवणं ही माझी कामं. भाव ठरवण्यात उस्ताद कच्चे होते. कोणी जरा रडका चेहरा केला की ते विरघळत. मी विरघळत नसे. त्या नऊ वर्षांत त्यांचा धंदा वाढला तो माझ्या तोंडामुळे, हे मी आजही कोणासमोरही म्हणेन.

पण खरेदीला ते एकटे जात. स्पीकर बदलायचा असो की त्याला जोर देणारं यंत्र, म्हणजे अॅम्प, सकाळची नागपूरची एसटी पकडायची आणि संध्याकाळी खोके घेऊन उतरायचं. कोणता का घेतला, हे सांगायचं नाही. अॅम्पचा रॅक ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्यांच्याजवळ असे आणि त्याच्या तोंडावर कायम एक टॉवेल टाकलेला. बटणं कुठं फिरवली आहेत ते कोणाला दिसू नये म्हणून. मी दोनदा टॉवेल वर केला. दोन्ही वेळा त्यांनी तो परत खाली ओढला.

मी स्वतःचा सेट लावतो म्हणालो त्या दिवशी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ते मांडववाल्यांसमोर म्हणाले, "लावू द्या. पन त्याले भाव कळते, आवाज नाई कळत."

लोक हसले. ते वाक्य माझ्याआधी गावोगाव पोचलं. मारेगावच्या एका बुकिंगवाल्यानं तर मला फोनवरच विचारलं, "तुमीच का ते, भाववाले?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बुकिंग गेलं.

तेव्हा माझ्या मेव्हणीचं लग्न ठरलेलं होतं. सासुरवाडी राळेगाव तालुक्यातली. नवरदेवाकडचे लांबून येणार, म्हणून वरातीचा आणि मांडवाचा दोन्ही आवाज मुलीकडच्यांनी पाहायचा होता. सासऱ्यांच्या घरातलं प्रत्येक कार्य आजवर उस्तादांनी वाजवलेलं. मी म्हणालो, या वेळी माझा सेट येईल. सासरे बराच वेळ पायातल्या चपलेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जवाईबापू, लगन एकदाच होते पोरीचं."

"म्हणूनच म्हणतो," मी म्हणालो.

आमच्याकडच्या लग्नात त्रिशरण-पंचशील झाल्यावर नवरा-नवरी माइकवर प्रतिज्ञा म्हणतात. सगळ्या गावासमोर, आपल्या तोंडानं. मेव्हणी घरातली पहिली पदवीधर. तिनं त्या प्रतिज्ञा पाठ केल्या होत्या. कागद हातात घ्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. पण तिचा आवाज फार बारीक. शेजारच्या खोलीतून तिनं हाक मारली तर ऐकू येत नसे. म्हणून सेट खरेदीला बायको नागपूरला माझ्यासोबत आली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "मले स्पीकरातलं काई समजत नाई. पन तिचं बोलनं मांगच्या बायांपर्यंत गेलं पायजे, तेवढं मी पाहीन."

दुकानदार साठीचा, सावकाश बोलणारा. मी घरून ठरवूनच गेलो होतो की हा माणूस मला फसवणार आहे. फक्त कुठं फसवतो ते पाहायचं. मी आधी अॅम्प उचलून पाहिले. आमच्यात अॅम्प वजनावर पारखतात. जड म्हणजे आत तांबं भरपूर, असा हिशेब. दुकानदार माझं उचलणं-ठेवणं पाहत होता. म्हणाला, "भाऊ, भाजी नाही घेऊन राह्यले तुम्ही."

त्यानं सुचवलं ते असं : बेस दोनच घ्या, टॉप दोन पण चांगले घ्या, आणि टॉपसाठी हा मोठा अॅम्प लावा.

मी टॉपच्या मागची पट्टी वाचली. त्यावर लिहिलेल्या वॅटपेक्षा तो अॅम्प जवळजवळ दुप्पट होता. मला वाटलं, सापडला. मी म्हणालो, "एवढा मोठा लावला तर टॉप फाटतील. मग पुन्हा तुमच्याकडेच यायचं ना मी?"

"उलटं आहे भाऊ. छोटा लावला तर जळतील."

"मोठ्या बैलाच्या जोरानं गाडी मोडत नाही, लहान बैलानं मोडते, असं म्हणता का?"

तो म्हणाला, "बैलाचं मला माहीत नाही."

मी जिंकलो असं मला वाटलं. टॉपसाठी लहान अॅम्प घेतला, म्हणजे टॉप सुखरूप राहतील. त्यात जे वाचलं त्यात आणखी दोन बेस बसवले. चार बेस, दोन टॉप. फाळक्याशी उभे राहणारे आता मोजू देत.

बायको तेवढ्यात दुकानातला माइक हातात घेऊन उभी होती. तिनं त्यात पंचशीलाची पहिली ओळ म्हटली, अगदी हळू, मेव्हणीसारखी. मग दुकानदाराला विचारलं, "रस्त्यावर आयकू जाते का हे?" तो म्हणाला, बाहेर जाऊन ऐका ताई, दुकानात सगळंच चांगलं वाजतं. ती मला म्हणाली, "तुमी उभे राहा न बाहेर जराक."

मी वायरीच्या भावावर अडलो होतो. मी तिच्यावर खेकसलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, सगळ्यांनी ऐकलं. तिनं माइक स्टँडला लावला आणि परतीच्या रस्त्यावर वडकीला आमच्या घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

लग्न मे महिन्यात. पिकअप गावात शिरली तेव्हा फाळक्याशी दहा-बारा जण आले. एकानं मोजलं, "चार बेस हायेत बे." सासऱ्यांनीही ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. उस्ताद पाहुणे म्हणून आलेले होते, पांढराशुभ्र शर्ट घालून मांडवात पहिल्या ओळीत. मी त्यांना नमस्कार केला नाही. त्यांनी केला, तो मी न पाहिल्यासारखं केलं.

वरात विहारापासून निघाली. ऊन चढलेलं, तरी पोरं नाचत होती, बाया नाचत होत्या, सासरेही दोन पावलं नाचले. चार बेसनी घरांवरचे पत्रे थरथरत होते. गाण्यातले शब्द दबत होते म्हणून मी टॉपचं बटण वाढवलं, आणखी वाढवलं, पार शेवटापर्यंत नेलं. लहान अॅम्पवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, मग जवळजवळ सतत पेटून राहिला. मला तो आवडला. वाटलं, यंत्र पूर्ण जोरात चाललंय. माझ्या रॅकवर टॉवेल नव्हता. लोकांनी पाहावं असंच मला वाटत होतं.

मांडवात पोचायच्या आधीच आवाजाची धार गेली होती. नाचणाऱ्यांना कळलं नाही, कारण बेस चालूच होते. मला कळलं. मी वायरी हलवून पाहिल्या, बटणं फिरवली. बौद्धाचार्यांनी माइक हातात घेतला आणि पहिली ओळ म्हटली, तेव्हा ती गोधडीखालून आल्यासारखी आली. नुसता घोगरा हुंकार, अक्षर एकही नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "डीजेवाले, आवाज दे." दुसरा म्हणाला, "देऊन राह्यला न, घुबडासारखा."

मेव्हणी पांढऱ्या साडीत उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काय करू, असं विचारल्यासारखं. बायको स्टेजच्या कडेला होती. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही.

माइक वाढवला तर बेसमधून घुमायला लागला. कमी केला तर काहीच नाही. वर जनरेटरची घरघर. शेवटी मी जनरेटरकडे गेलो आणि तो बंद केला.

मांडवातले पंखे थांबले. एकदम ओरड झाली. नवरदेवाकडचा एक माणूस उठून आला, "अरे माणसं मरतील उकाड्यानं." मी त्याला म्हणालो, "दहा मिनिटं. पाया पडतो." असं मी आयुष्यात फार थोड्यांना म्हटलं आहे.

आवाज थांबला तशी बायको स्टेजवरून म्हणाली, "मांगच्या बायांनो, उठा, पुढं या. इथं बसा सगळ्या, खाली." आधी दोघी उठल्या, मग सगळ्याच. चटया ओढत, पोरं कडेवर घेत त्या पुढं आल्या आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढं, नवरा-नवरीच्या पायापाशी बसल्या. पुरुष मागं राहिले. कोणी पदरानं वारा घेत होतं, बाकी काही हलत नव्हतं. मेव्हणीनं प्रतिज्ञा म्हटल्या. एका ठिकाणी अडली, थांबली, पुन्हा तिथूनच म्हणाली. समोरच्या बायांनी ऐकलं. मागं जनरेटरजवळ मला काहीच ऐकू आलं नाही. तिचे ओठ हलताना दिसले तेवढंच.

जेवणाच्या पंगती बसल्यावर मी पिकअपवर चढून एक टॉप उघडला. उस्ताद हात धुऊन, रुमालानं पुसत आले. मी वर पाहिलं नाही. ते फाळक्यावर बसले, टॉपमधला आवाज काढणारा भाग, ज्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो, तो काढला, त्यातला पातळ पडदा बाहेर घेऊन उन्हात धरला. त्याची तार काळी झाली होती.

"लाल दिवा लागे काय?"

"लागे. सारखा."

"तिथंच जळते. अॅम्प पुरत नाई, मंग त्याचा आवाज फाटते, अन् तो फाटका आवाज याले भाजते." त्यांनी पडदा माझ्यापुढं धरला. "मोठ्या अॅम्पनं नाई जळत. लहान्यानं जळते."

दुकानदारानं हेच सांगितलं होतं. मला चीड आली, आणि ती दुकानदारावर नव्हती.

मी म्हणालो, "नऊ वर्षं होतो मी तुमच्याकडे. एकदा तरी नेलं असतं नागपूरले. एकदा तरी तो टॉवेल काढला असता. अन् वरून चारचौघांत म्हणता, याले आवाज नाई कळत. कोण शिकवनार होतं मले?"

ते पडदा बोटात फिरवत राहिले. मी वाट पाहत होतो की ते चिडतील. भांडायला मी तयार होतो. ते म्हणाले, "मले भेव वाटे. तू शिकला का निंगून जाशीन."

"गेलोच ना."

"गेला." मग पडदा फाळक्यावर ठेवत, "भाव तू ठरवे तवा बरं चाले रे. आता लोक मले लुटून राह्यले."

हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. वाईटही वाटलं. ते म्हातारे दिसत होते. शर्टाची कॉलर मानेला मोठी झाली होती.

त्यांनी खिशातली लग्नपत्रिका काढली, माझ्याकडून पेन मागितलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. कोणत्या टॉपला किती वॅटचा अॅम्प, दोन डबे एकाच वायरीवर घेतले तर अॅम्पवर किती ओझं पडतं, बटण कुठपर्यंत. लिहिताना मोठ्यानं बोलत होते, मी नीट ऐकतोय ना पाहत होते. दोनदा मी अडवून विचारलं, दोनदा त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. सासरे मध्येच जेवायला बोलवायला आले आणि आम्हा दोघांना एका फाळक्यावर पाहून तसेच परत गेले.

टपरीवरच्या त्या वाक्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. मीही पुन्हा काढलं नाही. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण पुढच्या मंगळवारी दोन बेस गाडीत टाकून, ते देऊन मोठा अॅम्प आणायला मी नागपूरला निघालो तेव्हा पांढरकवड्यावरून गेलो, जे माझ्या वाटेवर नव्हतं. उस्ताद घराबाहेर उभेच होते. माझ्या शेजारी बायको बसली होती. तिनं सरकून त्यांना जागा दिली.