मोगरीनं खाल्लेले कान

एकेकाळी समुद्रातल्या एका छोट्या बेटावर, कालोलाइनेच्या ओसरीवर लांबलचक ओंडक्याभोवती सात बाया बसायच्या. झाडाची साल मोगरीनं ठोकून तिचं तापा कापड करायच्या. हात एका ठेक्यात चालायचे आणि तोंडं त्याहून जोरात. पुढं कुणी ऑकलंडला गेल्या, कुणी देवाघरी. नवरा गेला, लेक लूपेही ऑकलंडची झाली. ओसरीवर ओंडका राहिला आणि कालोलाइने.

मध्यंतरी दवाखान्यातली नर्स आवाज मोजायचं यंत्र घेऊन घरोघर फिरली. तिनं सांगितलं, फ्रिज चाळीस डेसिबल, बोलणं साठ, कपड्यांचं मशीन पिळायला लागलं की पंचाहत्तर. दहानं आकडा वाढला की कानाला आवाज दुप्पट वाटतो. पंच्याऐंशीच्या वर रोज तासन् तास बसलं की कान जातात. मग मोगरीचा ठोका मोजला, तो शंभराच्या पुढं गेला.

"म्हणजे जिनं पोट भरलं, तिनंच कान खाल्ले म्हणायचे," कालोलाइने म्हणाली. नर्स हसली. पण फ्रिजला आवाज असतो हेच आपण विसरलो होतो, हे काही म्हातारीनं सांगितलं नाही. लूपेनं बजावून ठेवलं होतं, तब्येतीचं काही निघालं तर घराला कुलूप लावून तुला इकडे आणीन. लेकीच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कालोलाइनेला मरायचंसुद्धा नव्हतं. म्हणून कुणी काही बोललं की ती ऐकू आल्यासारखी नुसती मान हलवायची. गावातल्या बाया म्हणू लागल्या, लेकीनं कपड्यांचं मशीन पाठवल्यापासून हिला शिष्टपणा चढलाय. हळूहळू त्यांनी येणं सोडलं. एवढ्याशा गावात माणूस इतकं एकटं पडू शकतं.

एका शनिवारी कपडे मशीनमध्ये असतानाच वीज गेली. बटण बंद करायचं राहून गेलं. रविवारी गुडघा धरला म्हणून ती चर्चमध्ये गेली नाही, ओसरीवर समुद्राकडे तोंड करून बसली. रविवारी त्या बेटावर काम करणं पाप, कुणी सुईतसुद्धा दोरा ओवत नाही. आणि चर्च तर तिच्या कुंपणाला लागूनच. ऐन प्रवचनात वीज आली.

प्रार्थना सुटल्यावर शेजारची सेइनी तरातरा आली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. कालोलाइनेनं सवयीनं मान हलवली. सेइनी आणखी भडकली. तिनं हात धरून म्हातारीला ओढत आत नेलं आणि तो हात मशीनवर ठेवला. मशीन अंगात आल्यासारखं घुमत होतं.

"चालू आहे?" कालोलाइनेनं विचारलं.

सेइनीनं बटण बंद केलं आणि अगदी समोर येऊन हळू विचारलं, "कधीपासून, मावशी?"

"बरेच दिवस झाले. लूपेला सांगू नकोस. घर सोडायला लावेल ती मला."

सेइनीनं पानात शिजवलेलं रविवारचं जेवण घरून आणून ठेवलं आणि ती गेली. ही लूपेला सांगते की काय, या धास्तीनं ती रात्र म्हातारीला फार जड गेली.

सोमवारी सेइनी स्वतःची मोगरी घेऊन आली. शेजारी न बसता समोर बसली, तोंड दिसेल अशी. ठोका घातला आणि विचारलं, "आला का आवाज?"

कालोलाइनेनं दोन्ही तळवे ओंडक्यावर टेकवले. पुढचा ठोका तळव्यांना जाणवला.

"आला की," ती म्हणाली. "घरात दोघी असल्याएवढा."