रोशनबीचे तीन मावळ

कामशेतच्या बाजारपेठेत, भाताच्या गिरणीमागच्या बोळात मणेरांची पाच-सहा घरं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारी माणसं. त्यांतल्या तिसऱ्या घरात रोशनबी राहते. वय चोपन्न, अंगानं सडसडीत, नेसायला नऊवारी नाही तर पाचवारी, पायांत कापडी बूट. नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत सायकलवरून बांगड्या भरायला जाणारी ती एकटीच बाई. एकवीस वर्षं झाली.

धंदा मूळचा तिच्या नवऱ्याचा, मेहबूबचा. सायकलच्या मागं लाकडी पेटी, हँडलला दोन्हीकडं बांगड्यांच्या माळा, आणि वारानुसार गावं ठरलेली. २००३ सालच्या श्रावणात, नागपंचमी दोन दिवसांवर आलेली, तेव्हा मेहबूब सकाळची नमाज उरकून पवनानगरकडं निघाला. सणाआधी बाया बांगड्यांची वाट बघत बसलेल्या असतात, म्हणून नेहमीपेक्षा लवकर. खिंड ओलांडून पलीकडच्या उताराला लागला आणि तिसऱ्या वळणावर त्याचं पुढचं चाक सरकलं. समोरून गाडी नव्हती, कुत्रं आडवं आलं नव्हतं. तो पडला तो थेट कडेच्या दगडावर. कमरेचं हाड मोडलं. पेटीतल्या बांगड्या सगळ्या वाढल्या. फुटल्या असं मणेरांच्या घरात कुणी म्हणत नाही.

तीन महिने मेहबूब पाठीवर पडून होता. पुढं काठी टेकत चालायला लागला, पण सायकलवर टांग टाकणं कायमचं बंद झालं.

दिवाळीनंतर गोवित्रीच्या शालूबाई बाजाराला आल्या त्या मुद्दाम बोळात शिरल्या.

"भाभी, माझ्या लेकीचं लगीन हाय पुढच्या म्हैन्यात. चुडा कोन भरनार?"

"तुमीच कामशेतात आना की पोरीला."

"हळद लागलेली पोर बाजारात आनू व्हय? आमच्याकडं असं न्हाई चालत. तूच ये."

रोशनबी गाठोडं बांधून जीपनं गेली. जीपमधे सोळा माणसं आणि दोन खताची पोती. गोवित्रीला उतरून गाठोडं सोडलं, तर निम्मा माल वाढलेला. उरलेल्यात कसाबसा नवरीचा चुडा भरला आणि परतीच्या वाटेवर तिनं मनाशी ठरवलं. रात्री जेवताना मेहबूबला सांगितलं, "मी सायकल शिकनार."

सासू भिंतीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहबूब म्हणाला, "उद्या सकाळी गिरणीच्या मागं ये. उजाडायच्या आत, म्हंजे गर्दी नसती."

गिरणीमागच्या पटांगणात मेहबूब पालथ्या खोक्यावर बसला, हातात काठी. रोशनबीनं पदर खोचला. सायकल त्याचीच, दांडीची, पुरुषी. साडी दांडीत अडकायची आणि ती धाडकन पडायची.

"चाकाकडं नको बघू. लांब बघ."

"लांब बघून खड्डा कसा दिसनार?"

"लांबूनच दिसतो खड्डा. जवळ आल्यावर त्याचा काय उपेग?"

पंधरा दिवसांत तिची दोन्ही कोपरं सोलली गेली, पण सायकल आली. मग मेहबूबनंच ती दांडीची सायकल देऊन बिनदांडीची आणली, आणि पेटीच्या तळाला भाताचं तूस भरून त्यावर गोणपाट शिवलं.

पहिल्या खेपेला ती नाणे गावापर्यंत गेली नि परत आली. दुसऱ्या आठवड्यात करंजगाव. तिथं पारावर बसलेले श्रीपतीआबा चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "मणेराच्या बायकूला आता सायकल बी आली का?"

"आली आबा," रोशनबी न उतरताच म्हणाली. "तुमच्या सूनबाईला धाडा बाहेर. मगाशी हात मोकळे दिसले तिचे."

पार हसला. आबांनी सुनेला हाक मारली. पुढं वीस वर्षं त्या घरचा प्रत्येक चुडा रोशनबीनंच भरला.

मावळातल्या या खोऱ्यांची एक गंमत आहे. इंद्रायणी, आंद्रा, पवना, जिच्या-तिच्या कडेनं रस्ता वर वर जातो, गावं विरळ होत जातात, आणि शेवटी सह्याद्रीचा कडा येतो. खाली कोकण. पुढं तोंडच नाही. गेलेल्या वाटेनंच माघारी यायचं. त्यामुळं रोशनबीनं प्रत्येक चढ माघारी येताना उतार म्हणून आणि प्रत्येक उतार चढ म्हणूनही पाहिला. सोमवारी नाणे मावळ, बुधवारी टाकव्यावरून आंदर मावळ, शनिवारी पवनानगर. तिच्या सायकलीला गिअर नाही. चढ आला की ती उतरते आणि चालते, त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. उताराला मात्र ती जपून असते, कारण मागं काच आहे. कुठं डांबर उखडलंय, कुठं मोरीचा काठ वर आलाय, कुठल्या वाडीपाशी शेळ्या किती वाजता रस्ता ओलांडतात, हे सगळं तिला पेटीच्या आवाजावरून कळतं. माल किणकिणला तर ठीक. खडखडला तर थांबून बघायचं.

दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्या-चिंचवडकडची माणसं रविवारी सायकली घेऊन यायला लागली. बारीक टायर, डोक्याला टोप, अंगाला चिकटलेले कपडे. गावातल्या बायांना आधी हसू यायचं, मग सवय झाली. एका बुधवारी भोयऱ्याच्या अलीकडच्या चढावर अशीच एक मुलगी सायकल आडवी टाकून कडेला बसलेली रोशनबीला दिसली. ती प्रेरणा. चिंचवडला दातांची डॉक्टर. चेहरा लालबुंद.

"मावशी, पुढं अजून चढ आहे का हो?"

"हाय एक. पन दिसतो तेवढा न्हाई त्यो. उतरून चालत गेलीस तर कोन बघतंय हितं?"

प्रेरणा हसली. दोघी सायकली हातात धरून चालत वर गेल्या. वरच्या वाडीत रोशनबीनं चार घरच्या बायांना बांगड्या भरल्या, आणि शेवटी प्रेरणानं स्वतःचं घड्याळ काढून हात पुढं केला. तेव्हापासून तिचं बोळातल्या घरी येणं-जाणं सुरू झालं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रेरणा सत्यमला घेऊन आली. तिच्या सायकल मंडळाचा तो पुढारी, तिशीचा, कामात चोख. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांना तिन्ही मावळांची फेरी काढायची होती. शंभराहून जास्त किलोमीटर, दीडशे माणसं. वाटेत पाण्याची सोय कुठं होईल, एवढंच विचारायला दोघं आली होती. सत्यमनं मोबाइलवर नकाशा दाखवला. सकाळी साडेसहाला कामशेतहून निघायचं, आधी पवनानगर, मग माघारी येऊन नाणे मावळ, शेवटी आंदर मावळ.

रोशनबीनं नकाशा उलटसुलट करून पाहिला. "पैल्यांदा पवनानगर नको."

"का हो मावशी?"

"खिंडीपलीकडचं तिसरं वळण. सकाळचं तितं उतरू नये."

सत्यम नम्रपणे म्हणाला, "तो रस्ता आता रुंद झालाय. डांबर नवं आहे. मी स्वतः चार वेळा उतरलोय."

"कितीला उतरलास?"

"दहा... अकरा वाजले असतील."

"मंग."

सत्यमला ते पटलं नाही. चढाचे टप्पे, ऊन, हायवे ओलांडायची वेळ, या सगळ्याचं गणित त्यानं बसवलेलं होतं. तो समजावून सांगत राहिला. रोशनबी चहाचे कप उचलायला लागली. तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून मेहबूब म्हणाला, "माझं कंबरडं तितंच मोडलंय. सकाळी साडेसहालाच."

प्रेरणा इतकी वर्षं या घरात येत होती, पण मेहबूब कुठं पडला ते तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

"श्रावणात पडलो म्हणून लोक म्हनले पावसानं घसरला," मेहबूब पुढं म्हणाला. "पाऊस नव्हता त्या दिवशी. कातळातनं पानी झिरपतं तितं. रातभर रस्त्यावर पसरतं, उन्हं वर आली की वाळतं. संक्रांतीपर्यंत चालतं हे. डांबर वरनं घालतात, पानी तर खालनं येतं."

सत्यमनं मोबाइल खिशात ठेवला. "रविवारी सकाळी येतो," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही याल माझ्याबरोबर?"

तो रविवार नोव्हेंबरातला. थंडी होती, पवनेच्या खोऱ्यात धुकं भरलेलं. रोशनबी रिकाम्या पेटीनं निघाली, सत्यम नि प्रेरणा तिच्या मागं. खिंडीच्या माथ्यावर तिनं दोघांना उतरायला लावलं. चालत तिसऱ्या वळणावर आले तेव्हा पावणेसात वाजत होते. रस्ता वरून काळा, कोरडाच दिसत होता. सत्यमनं वाकून हात टेकवला. हात ओला झाला, वर बुळबुळीत.

तो काही बोलणार एवढ्यात वरून दुधाचा पिकअप आला. वेग फार नव्हता. वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग सावकाश, जणू कुणी हातानं ओढावा तसा, बाहेरच्या बाजूला सरकत गेला. तिघं कातळाला चिकटले. गाडी कठड्याला घासून थांबली. मागची एक किटली कलंडली आणि दूध रस्त्यावर आलं. ड्रायव्हर उतरला आणि कठड्यावरून खाली डोकावला. रोशनबीनं त्याला पाणी दिलं.

"कुटला रं तू?"

"उर्सेचा. मावशी, पैल्यांदाच आलो ह्या रस्त्याला."

परत येताना सत्यम खिंडीत थांबला. मग म्हणाला, "पवनानगर शेवटी घेतलं तर लोक दमलेले असतील. दमलेल्या माणसाला हा उतार द्यायचा?"

"दमलेला मानूस हळू उतरतो," रोशनबी म्हणाली. "सकाळचा ताजा मानूसच उडतो."

फेरीचा क्रम बदलला. नाणे मावळ पहिला, मग आंदर मावळ, पवन मावळ दुपारी. आणि पाण्याचा प्रश्न रोशनबीनं आपल्या नेहमीच्या फेऱ्यांतच सोडवला. सोमवारी गोवित्रीत शालूबाईंना सांगितलं, बुधवारी भोयऱ्यात, शनिवारी पवनानगरला. मंडळानं तंबू आणि बाटल्या आणायचं ठरवलं होतं. शालूबाईंनी ते उडवून लावलं. "आमच्या दारात येऊन बाटलीतलं पानी पिनार व्हय? ताक करते मी."

डिसेंबरात एकशे बेचाळीस माणसं निघाली. सगळं ठरल्यासारखं झालं नाही. टाकव्याजवळ बैलगाड्यांची वरात आडवी आली नि अर्धा तास गेला. दोघंजण कुसूरच्या रस्त्यावर चुकून पार टोकाला, कड्यापर्यंत गेले आणि खाली कोकण बघत बसले. गोवित्रीत शालूबाईंच्या ओट्यावर ताकाबरोबर नाचणीची भाकरी आणि ठेचा निघाला, त्यामुळं निम्मी माणसं तिथून हलेनात. चौदा जणांनी फेरी अर्ध्यात सोडली.

दुपारी तीनच्या सुमाराला पहिले सायकलवाले पवनानगरच्या उताराला लागले. तिसऱ्या वळणावर कातळाशी खुर्ची टाकून मेहबूब बसलेला होता. मंडळाची माणसं तिथं उभी राहणारच होती, पण सकाळी त्यानं स्वतःच रिक्षा सांगितली आणि तो आला. एकवीस वर्षांत तो त्या वळणावर फिरकला नव्हता. रस्ता ऊन पिऊन कोरडा झालेला, तरी हातातलं लाल फडकं हलवत तो प्रत्येकाला ओरडत होता, "लांब बघा! चाकाकडं नका बघू!" एकशे अठ्ठावीस माणसं त्याच्यासमोरून उतरली. कुणीही पडलं नाही. शेवटचा गेल्यावर त्यानं फडकं घडी करून खिशात घातलं, काठीनं रस्ता दोनदा ठोकून पाहिला आणि रिक्षात बसला.

रोशनबीनं तो दिवस करंजगावात काढला. सत्यम तिला झेंडा दाखवायला बोलावत होता, पण श्रीपतीआबांच्या नातीचं लग्न होतं आणि चुडा भरायचा होता.

यंदा उन्हाळ्यापासून तिचे गुडघे कुरकुरायला लागले. प्रेरणानं ओळखीच्या डॉक्टरला दाखवलं. चालायला हरकत नाही, चढ कमी करा, असं तो म्हणाला. रोशनबीनं बराच विचार करून आंदर मावळ सोडला. तिथल्या गावांना आता वहानगावची कोमल जाते, स्कूटरवरून. पहिल्या बुधवारी रोशनबी तिच्या मागं बसून गेली. कुठल्या घरात कोणाचा हात केवढा, कुठल्या सुनेला हिरवी काच लागत नाही, कुठल्या सासूशी आधी बोलायचं, हे तिनं गावागावांत थांबून दाखवलं. भोयऱ्याच्या चढावर स्कूटर न थांबता वर गेली, तेव्हा रोशनबीनं मागं वळून पाहिलं आणि कोमलला म्हणाली, "हितं मला वीस मिनटं लागायची बघ."

नाणे आणि पवन मावळ तिनं अजून सोडलेले नाहीत.