रजिस्टरात खरचटलेलं बोट

बोईसरच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराची खोली मी सांभाळते. जखमा धुवायचं औषध, पट्ट्या आणि एक जाड रजिस्टर, एवढा माझा संसार. रजिस्टर इंग्रजीत भरायचं. कट म्हणजे कापलं, स्क्रॅच म्हणजे खरचटलं, ब्रूज म्हणजे मुका मार, स्प्रेन म्हणजे मुरगळलं. गरम पाण्याने पोळलं तर स्काल्ड, तापल्या पाइपाचा चटका बसला तर बर्न. मला माझ्या इंग्रजीचा भारी तोरा होता.

हळूहळू कळलं, या शब्दांना वजनं असतात. स्क्रॅच सगळ्यांत हलका. तो स्कूटरवरही पडतो, त्याची कोणी चौकशी करत नाही. क्रश, म्हणजे चेंगरलं, असं लिहिलं की एक्स-रे आला, आणि फाटकावरचा ‘अपघाताविना दिवस’ मोजणारा फळा शून्यावर आला.

पॅकिंगमध्ये डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी एक बाई होती. ड्रम गडगडवत नेताना तिचं अंगठ्याशेजारचं बोट ड्रम आणि भिंतीमध्ये सापडलं. नख काळंनिळं, वर जरा खरचटलेलं, रक्त जेमतेम. सुपरवायझर दारात उभे. फळ्यावर मोठा आकडा जमला होता. स्क्रॅच लिहून टाका, असं ते अगदी गोडीत म्हणाले. खरचटलं तर होतंच. मी तेवढंच लिहिलं, पट्टी बांधली आणि तिला कामावर परत पाठवलं. तिचं हातावर पोट, ती बोलली नाही. मला काय धाड भरली होती?

दीड महिन्याने ती पुन्हा आली. बोट वाकत नव्हतं. भातकापणीला विळा धरता आला नव्हता. हलकं काम मागितलं, तर ठेकेदार म्हणाला, खरचटल्याला कसलं हलकं काम? त्या दिवशीचं पान वाचून दाखवा, एवढंच तिचं मागणं होतं.

तिला इंग्रजी येत नव्हतं. मी काहीही वाचलं असतं तरी खपलं असतं. मला माझीच लाज वाटली. स्क्रॅच, मी वाचलं, आणि त्याचा अर्थही सांगितला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, हे खरचटलेलं हाय का? काय हाय तं लिवा."

मी त्याच नोंदीखाली, ती परत आली त्या दिवसाची तारीख घातली आणि मराठीत लिहिलं: बोट ड्रमने चेंगरलं होतं. मी चुकीचं लिहिलं. बोट वाकत नाही. खाली सही केली.

एक्स-रेत दिसलं, हाड मोडून वाकडं जुळलं होतं. फळा शून्यावर आला. सुपरवायझर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिला बसून लेबलं चिकटवायचं काम मिळालं. येता-जाता ती माझ्याकडे बघून हसते, आणि मी तिच्या हाताकडे बघायचं टाळते.

फळ्यावर आता पुन्हा बराच आकडा जमला आहे. ते बोट मात्र अजून वाकत नाही.