आप्पांच्या चिखलाच्या चपला

आप्पा हॉल बघायला जाताना आधी चिखल शोधायचे. माणसं पार्किंग बघतात, एसी बघतात, जेवणाची चव घेतात. आमचे आप्पा रस्त्याकडेच्या एखाद्या मळ्यात उतरायचे आणि चपला मनसोक्त बरबटून घ्यायचे. मे महिन्यात चिखल कुठला? मग माझी प्यायच्या पाण्याची बाटली मातीत ओतायची. मी तहानलेला, चपला तृप्त!

आमची कंपनी कांद्याच्या बियाण्यांची. शेतकऱ्यांचे मेळावे घ्यायचे, त्यासाठी नाशिकच्या आसपासचे हॉल आणि हॉटेलं निवडायची, हे आप्पांचं काम. मी त्यांचा मदतनीस. राहायला इंदिरानगरला, म्हणून त्यांनी माझं नावच ते ठेवलं. "काय इंदिरानगर, निघायचं का?" असं म्हणत गाडीच्या डिकीतून चपलांची पिशवी काढायचे. डोक्याला टोपी, पायात चिखल, आणि स्वारी थेट हॉटेलच्या गेटवर. मी दहा पावलं मागे, अनोळखी असल्यासारखा.

एका ठिकाणी वॉचमन खेकसला, "ए बाबा, माल मागच्या दारानं!" आप्पांनी त्याला हात जोडले आणि परत फिरले. आत मॅनेजर फुलांचा गुच्छ घेऊन वाट बघतोय! दुसऱ्या ठिकाणी म्हाताऱ्या वॉचमननं बागेची नळी ओढून आणली. "पाय धुऊन घ्या दादा, ऊन लय हाय." आप्पांनी तो हॉल आत न जाता ठरवला. पंखे इतके कुरकुरायचे की वक्त्याला दम घ्यावा लागायचा. मी तक्रार केली, तर म्हणाले, "भिंती सगळीकडं चारच असतात रे. गेटवरचा माणूस बघायचा."

मग पुण्याहून नवे साहेब आले. त्यांना हायवेवरचं काचेचं हॉटेल पसंत पडलं. बघायला ते स्वतः येणार होते. आता खरं सांगतो, त्या सकाळी मी आप्पांना म्हणालो, "आज तरी बूट घाला. साहेबांसमोर बरं दिसत नाही." मला बढती हवी होती, दुसरं काही नाही. आप्पा परत घरी गेले. लेकीच्या लग्नातले बूट घालून आले. गेटवर कडक सलाम मिळाला. परतताना गाडीत माझ्या कानाशी पुटपुटले, "सलाम बुटाला होता, इंदिरानगर." तरी साहेबांनी विचारलं तेव्हा "ठीक आहे" म्हणाले.

मेळावा एप्रिलात झाला. देवळ्याहून एक बस आली, नामपूरहून दुसरी. नामपूरची माणसं आप्पांच्या गावची, त्यांच्याच शब्दावर आलेली. त्यांत त्यांचे थोरले भाऊही होते, दादा. दारातली पांढरी चकचकीत फरशी बघून दादांनी चपला बाहेर काढल्या. देवळात काढतात तशा. मागच्या सगळ्यांनी काढल्या.

दुपारी कार्यक्रम संपला, तर दारात एक चप्पल नाही! दुसऱ्या पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून हॉटेलच्या माणसांनी त्या पोत्यांत भरून स्वयंपाकघरामागे टाकल्या होत्या. बरं दिसत नाही! शब्द माझेच होते. पोती डांबरावर उपडी झाली. शंभरेक माणसं अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत आपापला जोड शोधतायत. एरवी हा प्रसंग मी नकला करून सांगितला असता. आप्पा त्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. एकेक चप्पल उचलून "ही कुणाची? ही कुणाची?" विचारत होते. मग त्यांनी स्वतःचे बूट काढून बाजूला ठेवले.

दादा म्हणाले, "मनी चप्पल कोठे शे रे?" ती सापडलीच नाही. आप्पा धावत जाऊन डिकीतली पिशवी घेऊन आले. दादांनी ती हातानं मागे सारली. "राहू दे. तुले लागतीन." आणि तसेच अनवाणी बसकडे चालत गेले.

साहेबांना काही कळलं नाही. मेळावा छान झाला म्हणाले. महिन्याभरात आप्पांनी नोकरी सोडली आणि नामपूरला गेले. जाताना पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "तुला लागतील."

त्या मला लहान होतात, टाचा बाहेर राहतात. तरी हॉल बघायला मी त्याच घालतो. बाटली रिकामी करतो आणि जातो गेटवर. त्या दिवशीच्या बुटांबद्दल आप्पा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. माफी मागायला मी फोन करतो आणि भलतंच बोलत बसतो. ते एवढंच विचारतात, "गेट कसं होतं?"

परवा सांगितलं, "चांगलं होतं आप्पा. पाय धुवायला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली."



"तारीख कळव," आप्पा म्हणाले. "दादाला विचारून बघतो. त्या दिवसापासून नाशिकला आला नाही तो."