यांचा आवाज ठेवायला घेतलेला लॅपटॉप

स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे काय म्हणाले असतील? "लॅपटॉप घ्यायला हवा." मी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच राहिली. म्हटलं, "अहो, गळ्याचा कॅन्सर झालाय तुम्हाला. लॅपटॉप कसला घेताय?"

यांनी मला समोर बसवलं आणि ऑफिसात रिपोर्ट समजावून सांगावा तसं सांगितलं. ऑपरेशननंतर आवाज जाणार. काही जणांना गळ्यात छोटी झडप बसवून थोडंफार बोलता येतं, पण यांच्या बाबतीत डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हटलं होतं. तर त्याआधी वाक्यांवर वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. ती पुरेशी झाली की त्यावरून कॉम्प्युटर यांच्या आवाजात बोलायला शिकतो. मग यांनी टाइप करायचं आणि त्याने बोलायचं. जुना लॅपटॉप इतका थकलेला की त्याला हे झेपणार नव्हतं. एवढं सांगता सांगता तीनदा खाकरले. आवाज आधीच घोगरा झाला होता, चिरका.

मी म्हटलं, घ्या मग, आजच घ्या. पण आमच्याकडे काही सरळ झालंय का कधी?

हे नोकरीभर सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळुरूला संस्थेच्या कॉलनीत आले, आता रिटायर होऊन आम्ही व्हाइटफील्डला फ्लॅटमध्ये राहतो. पण संस्थेतली सवय काही सुटली नाही. यांना कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लागतं ते लिनक्स. ज्याचं आतलं सगळं उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, आणि ज्याला मालक नाही. घरातला मिक्सरसुद्धा यांनी असाच उघडून बघितलाय, गॅरंटीत असताना. त्यामुळे लॅपटॉप असा हवा की त्यावर लिनक्स नीट चाललं पाहिजे, आणि ते सगळ्यांवर चालत नाही म्हणे. कुठे वायफाय लागत नाही, कुठे झाकण बंद करून उघडलं की स्क्रीन काळीच.

मुलगी सर्जापूर रोडला असते, तीही याच लाइनीतली. ती म्हणाली, "बाबा, फोनवर रेकॉर्ड करा ना. त्याची अ‍ॅप्स आहेत, सगळं तेच करतात." हे म्हणाले, "आणि आवाज कुठे ठेवणार? त्या कंपन्यांकडे. उद्या त्यांनी ते बंद केलं की मी दुसऱ्यांदा मुका."   खोटं बोलत नव्हतेच ते.

मग आमची वरात एसपी रोडला, तिथे कॉम्प्युटरची दुकानंच दुकानं. मेट्रोने जायचं, दुकानं पालथी घालायची, हात हलवत परत यायचं. या लिनक्सवाल्यांची एक पद्धत आहे. खिशात पेन ड्राइव्ह असतो, त्यात लिनक्स भरलेलं. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपला ते लावून मशीन त्यावरच सुरू करायचं, आणि एकेक गोष्ट तपासायची. मंडईत नारळ कानाशी हलवून घेतात ना, तसं. संस्थेतले यांचे सगळे मित्र असंच करायचे. दुकानदार मात्र वैतागायचे. एक जण मला म्हणाला, "आंटी, अंकल को बोलो, ये सब आजकल कौन करता है?" थोडं थांबा, अशा अर्थी मी म्हटलं, "स्वल्प इरी, भैया." माझी कानडी आणि हिंदी अशी एकाच वाक्यात संपते. पण बोलायची मीच. हे दुकानात तोंड उघडत नव्हते. एकदा विचारायला गेले तर आवाज असा फाटला की काउंटरवरची दोन माणसं वळून बघायला लागली. तेव्हापासून बोटाने दाखवायचे आणि मी विचारायचे.

शेवटी एक पसंत पडला. वायफाय लागलं. झोपवला, उठवला, उठला. गाणं लावून स्पीकर तपासला, कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघितलं. दुकानदाराने हात जोडले. घरी येताना मेट्रोत यांनी तो खोका मांडीवर घेतला होता आणि चेहरा इतका खुललेला, मला वाटलं, चला, निदान एक गोष्ट मनासारखी झाली.

घरी आल्यावर संध्याकाळी यांनी सगळं पुसून लिनक्स टाकलं, माइकसमोर बसले, आणि काही रेकॉर्डच होईना. लॅपटॉपच्या आतला माइक लिनक्सला दिसतच नव्हता.

सगळं तपासलं आणि माइक तेवढा तपासला नाही! ज्यासाठी मशीन घेतलं तेच राहिलं! मी तोंडाला येईल ते बोलणार होते, पण यांच्याकडे बघितलं आणि गिळलं. माइक तपासायचा तर दुकानात, चार लोकांत, बोलावं लागलं असतं. त्या आवाजात. यांनी ते कसं केलं असतं?

परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, आतलं सगळं पुसून टाकल्यावर घेईल कोण. मी म्हटलं, "अहो, बाहेरून लावायचा माइक मिळतो म्हणे. उद्या आणू." तर हे म्हणाले, "आत माइक आहे. तो चांगला आहे. चालत नाही म्हणजे कुठेतरी चूक आहे, आणि ती सापडेल." मुलगी घरचा माइक घेऊन आली, तर तिलाही, "ठेव तिथे. दोन दिवस दे मला." तिने तो ठेवला. खोक्यातून बाहेरसुद्धा निघाला नाही तो.

मला राग यायचा, इतका राग यायचा! ऑपरेशन जवळ येतंय, आवाज रोज थोडा थोडा झिजतोय, आणि हा माणूस जगभरच्या लोकांना प्रश्न लिहून पाठवतोय. कुणी काही सुचवलं की करून बघायचे, मशीन बंद करायचे, पुन्हा चालू करायचे आणि म्हणायचे, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री." नाही झालं की पुन्हा खाली मान. मी एकदा भांडलेच. "तुमचं ते वन टू थ्री म्हणण्यात उरलासुरला आवाज संपेल!" त्यावर हे नुसते हसले. आता कळतं, त्या दिवसांत हे आजारी नव्हते. एक बिघाड होता आणि तो यांना दुरुस्त करता येण्यासारखा होता. गळ्यातला नव्हता. पण म्हणून मला कमी वाईट वाटतं असं नाही.

आणि सापडली हो चूक. सकाळी मी कोथिंबीर निवडत होते, तर आतून ओरडले, "अगं, आला! आला!" मी धावत गेले. कुणीतरी सांगितलेली नवी फाइल टाकली होती आणि माइक सुरू झाला होता. काय आनंद झाला होता त्यांना! लगेच वाचायला बसले. "आज हवा चांगली आहे." "मला पाणी हवंय." अशी थोडी वाक्यं झाली आणि खोकल्याची उबळ आली, थांबेना. म्हणाले, उद्या निवांत बसू.

त्याच दिवशी दुपारी श्वास अडायला लागला. हॉस्पिटलने ठरलेल्या तारखेची वाट बघितली नाही, लगेच ऑपरेशन केलं. आवाज गेला, जीव वाचला. देवाचे आभार मी रोज मानते, खोटं नाही सांगत.

मुलीने नंतर सगळ्या फाइली उघडून बघितल्या. म्हणाली, "आई, एवढ्याने नाही होणार गं." त्या थोड्या वाक्यांवरून काही कॉम्प्युटर शिकत नाही. मग तिने लॅपटॉपवर फुकट मिळणारा एक तयार मराठी आवाज बसवला. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, सगळं एकाच सुरात बोलणारा.

हे घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेरून माझं नाव ऐकू आलं. नुसतं नाव. लग्नापासून यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. "अगं", नाहीतर "ऐकलंस का", आमच्याकडे तेवढंच. आणि आता कोण कुठला परका माणूस माझ्या हॉलमधून मला नावाने बोलावत होता. पुन्हा बोलावलं. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. गळ्याला पट्टी, मांडीवर लॅपटॉप, आणि हे माझ्याकडे बघून हसत होते. मला बरं वाटेल असं वाटलं असणार त्यांना.

"काय हवंय?" मी विचारलं.

यांनी टाइप केलं. तो आवाज म्हणाला, "काही नाही. आतपर्यंत पोचतं का बघत होतो."

"पोचतं हो," मी म्हटलं. "छान पोचतं."

आत आले, नळ मोठा सोडला, आणि यांना ऐकू जाणार नाही इतपत रडून घेतलं.