उन्हात उभा केलेला डबा

"काका, बाबा नहीं रहे," पाटणकरांची मुलगी अंजू फोनवर म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. आई लवकर गेली, बाबा दिवसभर ऑफिसात. उत्तरेतल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत शेजाऱ्यांच्या घरात वाढलेली मुलगी. महिना उलटला, तरी तिचं ते वाक्य कानातून जात नाही...

सत्तरच्या दशकात पाटणकर आणि मी रेल्वेच्या संशोधन कार्यालयात समोरासमोर बसायचो. डब्यातल्या ट्यूबलाइट बॅटरीवर चालवणाऱ्या इन्व्हर्टरचं काम आमच्याकडे होतं. त्याची सारी भिस्त शंकरपाळ्याएवढ्या एका पॉवर ट्रान्झिस्टरवर. प्रयोगशाळेत सर्किट उत्तम चालायचं आणि साहेबांना उन्हाळ्याआधी मंजुरी हवी होती. पाटणकरांनी मात्र एक डबा यार्डात भर उन्हात उभा करायला लावला, खिडक्या बंद केल्या आणि आत जाऊन बसले. दुपारी ट्रान्झिस्टर जळला. घामाने निथळत ते बाहेर आले. "त्याचा दोष नाही. आपण त्याला उष्णता टाकायला जागाच ठेवलेली नाही." त्यांना उष्णता बाहेर सोडणारा धातूचा मोठा हीटसिंक हवा होता, आणि सगळा भार एकावर न टाकता दोन ट्रान्झिस्टरांत वाटायचा होता.

"पाटणकर, बक्सा दुगुना हो जाएगा. साइन कीजिए," साहेब म्हणाले.

"इस पर नहीं करूँगा, सर."

त्यांची बदली भांडार विभागात झाली. सही दुसऱ्याने केली. त्या उन्हाळ्यात एकामागून एक डबे अंधारात गेले, तेव्हा पाटणकरांनी काढलेली दोन ट्रान्झिस्टरांची आकृती शोधून काढण्यात आली आणि पुढे तीच वापरली गेली. त्यांना परत कोणी बोलावलं नाही. मी त्यांच्याच आकृतीवर काम करत राहिलो, समोरची खुर्ची रिकामी.

रविवारी ते घरी यायचे. "काम काही नाही, जरा मराठी बोलायला आलो." आणि मग बोलायचेच नाहीत... चहा निवून जायचा.

परवा अंजूसोबत त्यांचं सामान आवरत होतो. संध्याकाळी लाइट गेली आणि स्वयंपाकघराच्या दारावरची छोटी ट्यूब आपोआप लागली. शेजारी त्यांनी हाताने केलेली इन्व्हर्टरची पत्र्याची पेटी.

"मैं घर में अकेली होती थी न. बाबा ने मेरे लिए बनाया था," अंजू म्हणाली. तिने पेटीवर तळहात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम नहीं होता, काका."

लाइट येईपर्यंत आम्ही त्या उजेडात बसून राहिलो.