वीरण्णाची वानगी

…हाव, हाव, त्याचंच सांगून राहिले, मंजू, तू लिवत जा. वीरण्णा म्हनजे माझा धाकटा भाऊ, तुझ्या बापाचा मामा. उदगीरच्या मोंढ्यात आडत हाय त्याची. कपाळाला विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, आन आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसतेत. शेतकऱ्यानं तूर आनली की दाने तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायचा आन म्हनायचा, "माल हलका हाय." अख्ख्या दुनियेचा माल हलका, ह्याचा तेवढा भारी.

मोंढ्याची एक रीत हाय, ती आधी लिव. डाळमिलवाल्याला कुनी पोतं नेऊन दाखवत न्हाई. मूठभर वानगी पाठवतेत, पुडीत बांधून. ती बघून सौदा. आन वीरण्णा वानगी करायला बसला की बघत ऱ्हावं. किडका दाना बाजूला, काडी बाजूला, खडा बाजूला, एकेक दाना निवडून, पुसून. पोत्यात काय हाय ते पोत्यालाच ठावं. "अक्का, धंदा म्हनजे वानगी," असं मला शिकवायचा. आन मी बी गप ऐकायची.

तर ह्या शेटला दोन वर्सं संडासातून रक्त पडत होतं. मूळव्याध, म्हनला. कुनी सांगितलं? त्यानंच. मग काय, पानपट्टीवर बसलेला हरेक मानूस मूळव्याधीचा हकीम. कुनी चूर्न दिलं, कुनी सुरन खायला लावला, कुनी म्हनला तांब्याचं कडं घाल. ह्यानं सगळं केलं, फक्त डॉक्टर केला न्हाई. दिवसातनं कितीदा पळायचा त्याचा हिशेब न्हाई. सौदा अर्ध्यात सोडून उठायचा, आन समोरचा समजायचा, शेट भाव पाडायला उठला! घाबरून दोन पावलं खाली यायचा बिचारा. ह्याला तेच लई ग्वाड वाटायचं. धोतर सैल झालं, गाल आत गेले, तरी म्हनतो, "उपासानं अंग हलकं झालंय, अक्का."

शेवटी मीच त्याला ओढून लातूरला पोटाच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर निघाली तरनी पोरगी. झालं, शेट भितीकडं तोंड करून बोलून राहिला. पोरीनं पोट दाबलं, रक्त घेतलं आन एक झाकनाची डबी हातात दिली.

"मामा, ह्यात सकाळचा शौचाचा नमुना आना. आतड्याला आतून सूज असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून जातात. त्यांच्यातला एक पदार्थ नमुन्यात उतरतो. कॅलप्रोटेक्टिन म्हनतात त्याला. लई निघाला तर आतड्यात सूज हाय. अगदी कमी निघाला तर बहुतेक न्हाई, मग दुर्बीन घालायची गरज पडत न्हाई."

"दुर्बीन कुठनं घालतेत?" वीरण्णानं भितीला इचारलं.

पोरीनं सांगितलं. शेटचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा झाला. त्याच मिनिटाला ह्यानं मनात काय ते ठरवलं, मला मातर कळलं न्हाई.

डबी गेली. रिपोर्ट आला एकदम साफ. अरे बापरे, मग काय इचारता! मोंढ्यात पेढे वाटले. "माझं आतडं पंचविशीतल्या पोराचं हाय," म्हनून हमालांला बी सांगून आला. डॉक्टर पोरीचा फोन आला, "मामा, रक्ताच्या तपासनीत सूज दिसतीय, अंगातलं रक्त बी कमी झालंय, आन नमुना मातर निर्मळ. मेळ बसत न्हाई. परत एकदा द्या." तर हा म्हनतो, "तुमची मशीन दुरुस्त करा."

मग आला आपल्या घरातल्या पोराचा, संगमेशचा साखरपुडा, औशाला. तुला आठवतंय, वीरण्णा मांडवात फोटो काढायला उभा ऱ्हायला आन जागेवरच बसला. बसला तो उठंना. पांढरं धोतर मागनं लाल. गाडीत घालून लातूरला न्हेताना त्याची बायको महामाया माझा हात धरून रडायला लागली.

"वन्सं, मीच मारलं ह्यांना."

"तू काय केलंस गं?"

"ती वानगी माझी होती."

मला आधी उमजलंच न्हाई. मग तिनं सांगितलं. सकाळी हा डबी घेऊन तिच्यापुढं उभा. म्हनला, तुझं पोट साफ, तू भर. घर एकच हाय, माल बी एकच. ती म्हनली, डॉक्टरला कळंल. तर हा म्हनला, "चाळीस वर्सं मिलवाल्यांला कळलं न्हाई, त्या पोरीला काय कळनार?"

सलाइन लावल्यावर जरा डोळे उघडले, तवा मी धरला त्याला.

"अक्का, गळ्यात इष्टलिंग हाय माझ्या. डबी भरलेल्या घान हातानं ते पूजेला कसं धरावं?"

"आन बायकोच्या गळ्यात काय लिंगाच्या जागी घुंगरू हाय?"

शेट परत भितीकडं वळला. बाजूचा पेशंट हसला.

डॉक्टर पोरीला मी सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हनली, "म्हनजे हा रिपोर्ट मामींचा?"

म्हनलं, हाव. ह्या बाईचे गुडघे किती वर्सं दुखतेत, कुनी दवाखान्याची पायरी दाखवली न्हाई. जन्मात पैली तपासनी झाली ती बी नवऱ्याच्या नावावर, आन पेढे बी त्याच्याच नावाचे.

मग शेटनं स्वतःची डबी भरली. नाक दाबून, शिव शिव करत. त्यातला आकडा इतका वर गेला की पोरीनं लगेच दुर्बीन घातली. ज्याला भ्यायला होता तेच झालं. मोठ्या आतड्यात जखमाच जखमा. अल्सरेटिव्ह कोलायटिस. नीट लिव गं मंजू, तुला येतंय. मूळव्याध नव्हतीच. पोरगी म्हनली, पैल्यांदाच खरा नमुना आला असता तर इतकं रक्त जायच्या आधी औषध चालू झालं असतं.

औषधानं उठला. अंग भरलं, आवाज परत आला, माल परत हलका झाला. पोरीनं बजावलं हाय, गोळ्या सोडायच्या न्हाईत, आन चार-सहा महिन्याला डबी द्यायची. रक्त दिसायच्या आधी तो आकडा चढतो, तवाच आवरता येतंय. उशीर झाला तर आतडं कापावं लागंल, असं तोंडावर सांगितलं.

आन काल महामायाचा फोन. शेटनं गोळ्या अर्ध्या केल्यात. सौद्यातनं परत उठून राहिला. डबीची तारीख आली, तर सकाळी हातात डबी घेऊन दोनदा सैपाकघरात डोकावून गेला.

म्हनून हे लिवून घेतलं. वाचनाऱ्यातला जो कुनी उदगीरच्या मोंढ्याकडं जाईल त्यानं वीरण्णाच्या आडतीवर थांबावं. मिलवाले बसलेले असतील तर लई बरं. मोठ्यानं सांगा, "अक्का सोमवारी येऊन राहिली. डबी तू भरायची, तिच्यासमोर संडासात जाऊन. न्हाई भरलीस तर तुझी वानगी कशी बनती ते ती मोंढ्याला सांगनार हाय." आन आत जाऊन महामायाला हळूच सांगा, डबी हातात दिली तर घेऊ नको बाई. लुगडं नेसून तयार ऱ्हा, तुझे गुडघे बी दाखवायचेत.